तीजन : एका नावाची कुळकथा

मराठी घरात मुलगी जन्मली की बारशाच्या आधीच नावांचा खल सुरू होतो. आजी कुलदेवतेचे नाव सुचविते, आत्याला एखाद्या कादंबरीतील नायिका आठवते, आणि मुलीचे वडील अर्थ चांगला, उच्चार सोपा व शेजारीपाजारी ऐकू न येणारे असे नाव शोधीत असतात. या साऱ्या खटाटोपामागे एक धारणा असते. नाव म्हणजे मुलीविषयीची इच्छा. ती सरस्वतीसारखी विदुषी व्हावी, लक्ष्मीसारखी भाग्यवती व्हावी, निदान मृदुला तरी व्हावी! परंतु नाव ठेवण्याची याहून वेगळी, आणि बहुधा याहून जुनी अशी एक रीत आपल्या देशात आहे. तीत नावाने काही इच्छिले जात नाही. नावाने नोंद केली जाते. मूल केव्हा आले, एवढेच ते नाव सांगते. छत्तीसगढातील भिलाईच्या परिसरात ही रीत चांगली रुजलेली होती, आणि त्या मातीतील असे एक स्त्रीनाव पुढे साऱ्या देशाला परिचित झाले. ते नाव म्हणजे तीजन.

पंडवानी गाणाऱ्या तीजनबाईंचे नाव ऐकले नाही असा लोककलेचा रसिक विरळा. भिलाईच्या उत्तरेस सुमारे १४ किलोमीटरवर गनियारी नावाचे खेडे आहे. तेथे १९५६ साली, पारधी जमातीच्या एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव चुनुकलाल, आईचे सुखवती. मुलगी तीजेच्या सणाला जन्मली म्हणून आईने तिला तीजन म्हटले, असे सांगितले जाते. नावाचा अर्थ एवढ्यात संपला असे प्रथमदर्शनी वाटेल. वस्तुतः तो येथे सुरू होतो.

छत्तीसगढातील खेड्यांत जुन्या पिढीची नावे ऐकत गेले तर पंचांगाची पाने उलटल्यासारखे वाटते. सोमवारी जन्मला तो सोमारू, बुधवारी जन्मला तो बुधारू, आणि मुलगी असली तर बुधवारिन. रविवारची इतवारिन, शनिवारची सनिचरी. वार हाताशी नसेल तर महिना असतोच. चैत्रात आलेला चैतू आणि आलेली चैती. ज्येष्ठातला जेठू, मार्गशीर्षातला, म्हणजे अगहनातला अघनू, पौषातला पुसऊ. फाल्गुनातली मुलगी फगनी. ज्या घरात लिहिता येणारे कोणी नव्हते, जन्माचा दाखला नव्हता, जन्मपत्रिका मांडायला ज्योतिषी येत नव्हता, त्या घराने मुलाची जन्मनोंद त्याच्याच नावात बांधून ठेवली. कागद हरवतो, भिजतो, वाळवी खाते. नाव मात्र दररोज दहा वेळा हाकेतून उच्चारले जाते. त्यामुळे ही नोंद पुसली जाण्याची भीती नव्हती. साल तेवढे तीत मावत नसे. पण ज्या जीवनात वय हे दुष्काळांवरून आणि पुरांवरून मोजले जाई, तेथे सालाची उणीव फारशी कोणाला जाणवतही नसे.

महाराष्ट्राला ही रीत परकी आहे असे मानण्याचे कारण नाही. ठाणे-पालघरच्या वारली आणि कातकरी पाड्यांत सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या ही नावे आढळतात. त्यांच्या बहिणी सोमी, मंगळी, बुधी, शुक्री. फरक इतकाच की शहरातल्या मराठी माणसाने ही नावे आपली म्हणून कधी फारशी मोजली नाहीत. यातील विनोद असा की त्याच शहरी घरांत श्रावणी, कार्तिकी, फाल्गुनी ही नावे मोठ्या हौसेने ठेवली जातात. फाल्गुनी आणि फगनी यांत अर्थाचा भेद काय? काहीच नाही. उलट फगनी खरोखर फाल्गुनात जन्मलेली असते, आणि फाल्गुनी पुष्कळदा भर पावसाळ्यात! एक नाव संस्कृत ठेवणीत राहिले म्हणून सुसंस्कृत ठरले. दुसरे लोकांच्या तोंडी शतकानुशतके झिजले म्हणून गावंढळ ठरले. शब्दांनाही जात चिकटविण्याची आपली सवय अशी आहे.

नोंद करणाऱ्या नावांत सगळीच अशी निरागस नसतात, हेही येथे सांगितले पाहिजे. धोंडू, दगडू, कचरू ही नावे दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली. त्यांत मुलाच्या जिवाची काळजी असते. पण नकुशा हे नाव तसे नाही. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली, ही नाराजी तिच्या कपाळावर लिहिण्याचा तो प्रकार. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २५० हून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, ती गोष्ट अनेकांना स्मरत असेल. नकुशा हे नाव आईबापांच्या मनाची नोंद करते. तीजन हे नाव दिवसाची नोंद करते. गरिबी दोन्ही घरांत असेल, मुलगे नसल्याची खंतही दोन्ही घरांत असू शकेल. तरीही एका घराने मुलीकडे पाहून सुस्कारा टाकला आणि दुसऱ्याने आकाशातील चंद्रकोरीकडे पाहिले, एवढे अंतर या दोन नावांत आहे.

आता शब्दाकडे वळू. तीज म्हणजे तृतीया. संस्कृत 'तृतीय' शब्दाचे प्राकृतात 'तइज्ज' झाले आणि त्यातून तीज आले. मराठीला हा शब्द अपरिचित नाही. 'द्वितीये'पासून आलेली बीज आपण भाऊबीजेत आणि तुकारामबीजेत जपून ठेवली आहे; तीज ही त्या बीजेचीच धाकटी बहीण. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्याला बिजवर आणि तिसऱ्यांदा चढणाऱ्याला तिजवर म्हणतात, त्यातही हेच शब्द आहेत. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. हिंदी प्रदेशातील आखातीज आणि ही आखाजी शेजारी ठेवल्या म्हणजे शब्द कसा आखूड होत गेला ते ध्यानात येते. छत्तीसगढाने तोच सण 'अक्ती' या दोन अक्षरांत बसविला. तेथे त्या दिवशी मुले मातीच्या बाहुला-बाहुलीचे, म्हणजे पुतरा-पुतरीचे लग्न लावतात आणि शेतकरी नव्या वर्षाच्या पेरणीचा मुहूर्त करतात.

नावाच्या शेवटी जो 'न' आहे तो स्त्रीवाचक प्रत्यय. मराठीत माळ्याची माळीण, पाटलाची पाटलीण, तशी छत्तीसगढीत तेल्याची तेलिन. छत्तीसगढीला 'ण'चे वावडे असल्यामुळे आपला 'ईण' तेथे 'इन' होऊन भेटतो. बुधवारिन, इतवारिन यांतला प्रत्यय हाच. तीजन म्हणजे, मराठी वळणाने बोलायचे तर, 'तीजेची'. पुढे लागणारे 'बाई' मात्र मराठी श्रोत्याला किंचित चकवील. आपल्याकडे बाई म्हणवून घ्यायला वय किंवा अधिकार लागतो. छत्तीसगढात नाव ठेवतानाच ते जोडले जाई आणि मुलीच्या कागदपत्रांत कायमचे जाऊन बसे. भरथरीगायनासाठी ख्यातनाम झालेल्या सुरुजबाई खांडे, राजनांदगावकडील समाजसेविका फूलबासनबाई यादव ही त्याचीच उदाहरणे. सुरुज म्हणजे सूर्य, आणि फूलबासन म्हणजे फुलांचा सुवास. तेथील स्त्रीनावे केवळ वारमहिन्यांपुरती राहिली नाहीत, एवढे यावरून कळते.

तृतीया ही तिथी स्त्रियांच्या वाट्याला आली कशी? आपल्या शास्त्रकारांनी प्रत्येक तिथीला एक देवता नेमून दिली आहे. चतुर्थी गणपतीची, हे सर्वांना ठाऊक असते. तिच्या आदल्या दिवसाची, तृतीयेची देवता गौरी. आधी आई, मग मुलगा! महाराष्ट्रात चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि वैशाखातील अक्षय्य तृतीयेपर्यंत तिच्यापुढे आंब्याची डाळ आणि पन्हे यांचा थाट चालतो. राजस्थानात चैत्रातल्या याच तृतीयेला गणगौर असते. श्रावणात उत्तरेकडे हरियाली तीज येते. भाद्रपद शुद्ध तृतीयेला आपली हरतालिका. सण वेगवेगळे, प्रांत वेगवेगळे; तिथी तृतीया आणि देवता गौरी ही जोडी मात्र सुटत नाही. असे असेल तर तीजन या नावाचा गाभ्यातला अर्थ काय निघतो? तीजन म्हणजे गौरीच्या दिवसाची. दुसऱ्या शब्दांत, गौरीची. पुण्यामुंबईच्या घरातील गौरी आणि गनियारीची तीजन या नावाने बहिणी आहेत. एकीला देवीचे नाव मिळाले, दुसरीला देवीच्या दिवसाचे.

ज्या सणावरून हे नाव पडले तो छत्तीसगढातील तीजा म्हणजे आपल्या हरतालिकेचाच दिवस. तेथील पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षातील सणांच्या महिन्यांची नावे दोन्हींकडे जुळत नाहीत. आपला श्रावण अमावास्येचा पोळा त्यांच्या हिशेबी भाद्रपदाचा, आणि नाव पोरा. शुद्ध पक्षात मात्र दोन्ही पंचांगे एकत्र चालतात. म्हणून ज्या दिवशी मराठी कुमारिका आणि सुवासिनी वाळूची पिंडी करून हरतालिका पूजतात, त्याच दिवशी छत्तीसगढातील स्त्रिया फुलांचा फुलेरा बांधून त्याखाली शिवपार्वतीची पूजा करतात. आदल्या रात्री 'करू भात', म्हणजे कारल्याची भाजी आणि भात खाऊन त्या निर्जळी उपवासाला आरंभ करतात.

येथवर दोन्ही व्रते सारखीच. यापुढे मात्र तीजा वेगळी होते. छत्तीसगढात हे व्रत सासरी करावयाचे नसते. पोरा आला की भाऊ किंवा बाप बहिणीला, मुलीला आणायला निघतो. नवी नवरी असो की नातवंडे झालेली आजी असो, तीजेला ती माहेरी येते. अशा माहेरवाशिणीला तेथे 'तीजहारिन' असा खास शब्दच आहे. उपवास नवऱ्यासाठी, पण तो सोडायचा माहेरच्या अंगणात, माहेरची नवी साडी नेसून! ठेठरी आणि खुरमी यांचा फराळ घराघरांत होतो. मराठी मुलखात याची तुलना हरतालिकेशी न करता खानदेशातील आखाजीशी केली पाहिजे. तेथेही सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधतात, आणि वर्षभराचे साठलेले गाण्यातून बोलतात. तीही एक तृतीयाच आहे, आणि गौराईचीच आहे. गोष्टीतली पार्वती नको असलेल्या लग्नातून सुटण्यासाठी सखीबरोबर बापाचे घर सोडून गेली. तिच्याच व्रताच्या दिवशी या मुली बापाच्या घरी परत येतात. परंपरेला असे उलटे टाके घालण्याचे भय वाटत नाही.

माहेर आणि नाव यांचा छत्तीसगढात आणखी एक नाजूक संबंध आहे. सासरच्या गावात सुनेला तिच्या नावाने हाक मारण्याची पद्धत जुन्या काळी नव्हती. ती ज्या गावाहून आली त्या गावावरून तिला ओळखीत. रायपूरची मुलगी सून होऊन आली की ती 'रइपुरहिन'. कोणाला हे विचित्र वाटेल. पण महाभारत काढून पाहावे. गांधारी म्हणजे गांधार देशाची, माद्री म्हणजे मद्र देशाची, पांचाली म्हणजे पांचालांची. कुरुकुलातील राण्या आणि छत्तीसगढातील खेड्यातल्या सुना यांना ओळखण्याची रीत एकच आहे. मग स्वतःचे, आईने ठेवलेले नाव ऐकायला मिळते कोठे? माहेरी. वर्षभर गावाच्या नावाने वावरणारी स्त्री तीजेला माहेरच्या उंबऱ्यात येते तेव्हा तिच्या खऱ्या नावाने कोणी तरी तिला हाक मारते. त्या सणाचेच नाव ज्या मुलीला मिळाले, तिच्या नावात माहेर कायमचे शिरले असे म्हणण्यास हरकत नाही.

तीजनबाईंच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे हा अर्थ अधिकच टोचू लागतो. १९५६ हे त्यांचे जन्मवर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपर्यंत छत्तीसगढ आणि विदर्भ एकाच मध्य प्रदेश राज्यात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेने त्यांची ताटातूट केली. दुसरे असे की सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या कराराप्रमाणे भिलाईच्या माळावर पोलादाचा कारखाना उभा राहू लागला होता. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. गनियारीत मात्र शाळेचे सुखही त्या मुलीच्या वाट्याला आले नाही. तिला मिळाले ते आईचे वडील ब्रिजलाल यांच्या तोंडून महाभारत. सबलसिंह चौहान यांनी दोहे-चौपाईंत रचलेली ती कथा ते गात, आणि नात लपूनछपून पाठ करी. पुढे उमेदसिंह देशमुख यांनी तिला शिकविले. आडनाव ऐकून मराठी श्रोत्याचे कान टवकारतील. दुर्ग भागातील कुर्मी शेतकऱ्यांत देशमुख हे आडनाव आढळते.

पंडवानीच्या दोन शाखा आहेत. वेदमती शाखेत गायक बसून, ग्रंथाला धरून गातो. कापालिक शाखेत तो उभा राहतो, स्मरणातून गातो आणि अभिनय करतो. स्त्रियांनी गायलेच तर बसून गावे, असा संकेत होता. तीजनबाई वयाच्या तेराव्या वर्षी दुर्गजवळील चंद्रखुरी गावात उभ्या राहून गायल्या. बिदागी मिळाली १० रुपये. त्याआधीच, बाराव्या वर्षी त्यांचे लग्न झालेले होते. बाईने चारचौघांत पंडवानी गावी हे ज्ञातीला रुचले नाही, आणि त्यांना वाळीत टाकण्यात आले. त्यांनी वेगळी झोपडी बांधली, शेजाऱ्यांकडून भांडीकुंडी आणि धान्य मागून घेतले, पण गाणे सोडले नाही. सासर सुटले, ज्ञात सुटली. आईने दिलेले नाव तेवढे बरोबर राहिले.

ते नाव पुढे हबीब तन्वीर यांच्यासारख्या रंगकर्मींच्या कानी गेले. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' या मालिकेत ते घराघरांत पोहोचले. भिलाईच्या त्याच पोलाद कारखान्याने तीजनबाईंना नोकरी दिली. १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००३ साली पद्मभूषण, २०१८ साली जपानमधील फुकुओका पुरस्कार आणि २०१९ साली पद्मविभूषण असे सन्मान त्या नावापुढे लागत गेले. मोरपिसांनी सजविलेला तंबोरा हाती घेऊन तीजनबाई रंगमंचावर उभ्या राहिल्या, की तोच तंबोरा कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचे धनुष्य, कधी द्रौपदीचे मोकळे केस. साथीदार रागी हुंकार भरी आणि कथा पुढे सरके. या सन्मानांच्या याद्यांत त्यांचे नाव छापले गेले ते केवळ तीजनबाई म्हणून. बापाचे नाव नाही, नवऱ्याचे नाही, आडनावही नाही.

भिलाईच्या वसाहतीत देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. मराठी आली, तेलुगू आली, बंगाली आणि केरळीही आली. शाळेच्या हजेरीपटात सर्वांच्या मुली एका ओळीत बसू लागल्या. अशा ओळीत बुधवारिन हे नाव मोठ्याने पुकारले गेले की मागच्या बाकावर खसखस पिकते, आणि दुसऱ्या पिढीत ते नाव पूजा किंवा प्रिया होऊन जाते. यात कोणाला दोष देता येत नाही. आपल्या मुलीला कोणी हसू नये असे प्रत्येक आईला वाटते. जन्माची तारीख आता दाखल्यावर असते, म्हणून नावाने ती वाहण्याची गरजही उरलेली नाही. मात्र ही नावे अडाणीपणाची खूण होती, ही समजूत तेवढी काढून टाकली पाहिजे. अमुक काळी जन्मलेला या अर्थाने शब्द कसे घडतात, याचे नियम पाणिनीने घालून दिले आहेत, आणि नक्षत्रांवरून पडलेल्या नावांचा विचार त्यात आहे. विराटपर्वात शमीच्या झाडावरून शस्त्रे उतरविण्याच्या वेळी राजपुत्र उत्तराचा बृहन्नडेवर विश्वास बसेना. तेव्हा अर्जुनाने आपली दहा नावे आणि त्यांची कारणे सांगितली. त्यांतील एक नाव फाल्गुन. उत्तरा फल्गुनी नक्षत्रावर जन्म झाला म्हणून हे नाव पडले, असा खुलासा तो करतो. विराटपर्वाची कथा पंडवानीतही गायिली जाते. तीजेची म्हणून तीजन झालेली गायिका फल्गुनीचा म्हणून फाल्गुन झालेल्या वीराची कथा गाई, आणि समोर अंगणात बसलेल्यांत एखादा फागू आणि एखादी फगनीही असे.